मॉरोविंड दोनदा अर्धवट सोडला. तिसऱ्यांदा सुरू करावा का?

प्रश्न थोडक्यात असा: स्कायरिम हा अत्यंत आवडता गेम. त्याच मालिकेतला मॉरोविंड लोक डोक्यावर घेतात म्हणून दोनदा सुरू केला आणि दोन्ही वेळा तीन-चार तासांत बंद केला. तलवार समोरच्याच्या अंगातून आरपार जाते पण वार लागत नाही, कुठे जायचं ते कळत नाही, चालणं गोगलगायीचं. पहिलं मत बरोबर होतं, की पुन्हा संधी द्यावी?

संधी द्यावी. तुम्हाला जे दिसलं ते खरंच घडत होतं, फक्त त्याचं कारण तुम्ही दुसरंच धरलंत. मॉरोविंड २००२ चा आहे. दिसायला तो स्कायरिमचा थोरला भाऊ वाटतो, पण आतून तो कागद-पेन्सिल आणि फाशांवर खेळल्या जाणाऱ्या जुन्या भूमिका-खेळांच्या जवळचा आहे. तुम्ही माऊसचं बटण दाबता तेव्हा गेम आत फासा टाकतो, आणि तो फासा पडद्यावर कुठेच दिसत नाही. २००६ च्या ऑब्लिव्हियनमध्ये वार लागण्याचा हा फासा काढून टाकला, म्हणून स्कायरिमवरून मागे आलेल्याला इथे काहीतरी बिघडलंय असंच वाटतं.

वार लागण्याचा हिशेब असा आहे. हत्याराचं स्किल (ते चालवण्याचं कौशल्य), अधिक अ‍ॅजिलिटीचा (चपळाईचा) पाचवा भाग, अधिक लकचा (नशिबाचा) दहावा भाग. ही बेरीज थकव्याच्या गुणकाने गुणायची. हिरवी पट्टी पूर्ण भरलेली असेल तर गुणक १.२५, पूर्ण रिकामी असेल तर ०.७५, मधल्या स्थितीत त्या प्रमाणात मधला. समोरच्याची चुकवण्याची ताकद अशीच काढायची, फक्त त्यात स्किल नसतं. पहिल्यातून दुसरी वजा केली की उरतात ते तुमचे शंभरातले लागणारे वार.

आता सुरुवातीचंच उदाहरण घेऊ. तुम्ही रेडगार्ड वंशाचं कॅरेक्टर घेतलं, लाँग ब्लेड (लांब तलवारी) मुख्य स्किलांत ठेवलं आणि स्पेशलायझेशन कॉम्बॅट (लढाई) निवडलं. मुख्य स्किलचे ३०, स्पेशलायझेशनचे ५, वंशाचे १५, म्हणजे लाँग ब्लेड थेट ५०. अ‍ॅजिलिटी ४०, लक ४०. बेरीज ६२, ताजेतवाने असताना ७७.५. समोर ४० अ‍ॅजिलिटी आणि ४० लकचा साधा चोर असेल तर त्याचे १५ वजा करा. उरले ६२.५. दर तीन वारांत जवळजवळ दोन लागणार. पहिल्या लेव्हलला हे उत्तम आहे.

पण प्रत्यक्षात काय होतं? गेम जिथे सुरू होतो त्या सेयदा नीन गावच्या जकात कचेरीतून बाहेर पडताना टेबलावर एक लोखंडी खंजीर पडलेला असतो. तो फुकट मिळतो, म्हणून सगळे उचलतात आणि त्यानेच लढायला लागतात. खंजीर हे शॉर्ट ब्लेड. याच रेडगार्डचं शॉर्ट ब्लेड निवडलेल्या दहा स्किलांच्या (पाच मुख्य, पाच दुय्यम) बाहेर असेल तर ते फक्त १० असतं. बेरीज २२, गुणून २७.५, वजा १५. उरले १२.५. आठ वारांत एक. त्यात भर म्हणजे स्कायरिमच्या सवयीने तुम्ही कचेरीपासून धावत आलेले असता, त्यामुळे हिरवी पट्टी संपलेली. मग २२ गुणिले ०.७५ म्हणजे १६.५, त्यातून १५ गेले की उरतो दीड. शंभर वारांत एक किंवा दोन. ‘वार लागतच नाहीत’ ही तक्रार अक्षरशः खरी होती. पण तोच माणूस, तोच चोर; फक्त हातात तलवार घेऊन चालत आला असता तर चित्र वेगळं दिसलं असतं.

यातून तीन गोष्टी पक्क्या करा. पहिली, जे हत्यार मुख्य स्किलांत आहे त्याच जातीचं हत्यार हातात हवं. सेयदा नीनमध्येच अरिलचं दुकान आहे. तुमच्याकडे कचेरीतून मिळालेली ८७ नाणी असतात, तिथेच खंजीर आणि उचललेलं इतर सामान विकून आपल्या जातीचं काहीतरी घ्या, स्वस्तातलं चालेल. दुसरी, लढाई दिसली की धावणं बंद करा. कॅप्स लॉकने सततचं धावणं चालू-बंद होतं. शत्रूपासून थोडं अलीकडे थांबून हिरवी पट्टी भरू द्या आणि मग भिडा. तिसरी गोष्ट फार जणांना कळतच नाही: बटण दाबून धरायचं असतं. पटकन क्लिक केलं तर हत्यार आपल्या किमान आकड्याइतकंच नुकसान करतं, हात पूर्ण मागे जाईपर्यंत धरून सोडलं तर कमाल. लागण्याची शक्यता यात बदलत नाही, पण लागलेल्या वाराची किंमत बदलते. शिवाय चालण्याच्या दिशेप्रमाणे वाराचा प्रकार बदलतो आणि प्रत्येक प्रकाराचे आकडे वेगळे असतात. सेटिंगमध्ये ‘नेहमी सर्वोत्तम वार वापरा’ असा पर्याय आहे, तो चालू करून टाका आणि हा विषय डोक्यातून काढा.

डिफिकल्टीची पट्टी खाली ओढून हा त्रास जात नाही. ती लढाईतल्या नुकसानाचे आकडे कमी-जास्त करते, फाशाला हात लावत नाही. पट्टी शून्यावरच ठेवा.

जादूचंही असंच. स्किलची दुप्पट, अधिक विलपॉवरचा (इच्छाशक्तीचा) पाचवा भाग, अधिक लकचा दहावा भाग, वजा मंत्राची किंमत, आणि या सगळ्याला तोच थकव्याचा गुणक. विलपॉवर आणि लक ४० धरा, मंत्राची किंमत १८ धरा. स्किल ५ असेल तर ताजेतवाने असतानाही शक्यता ५ टक्के. स्किल ३५ असेल तर ८० टक्के, पण थकलात की ४८. मंत्र फसला तरी जादूची निळी पट्टी मात्र खर्च होते, आणि ती आपोआप भरत नाही. झोपावं लागतं किंवा औषध प्यावं लागतं. म्हणून ‘थोडी तलवार, थोडी जादू, थोडी चोरी’ असं सगळं चाखणारं कॅरेक्टर, जे स्कायरिममध्ये मजेत चालतं, ते इथे पहिले कित्येक तास कशातच यशस्वी होत नाही. जादू हवी असेल पण स्किल नसेल तर स्क्रोल आणि मंतरलेल्या वस्तू वापरा. त्या कधीच फसत नाहीत.

कॅरेक्टर करताना तयार क्लासच्या यादीतून न घेता स्वतःचा क्लास बांधा. तिसऱ्या प्रयत्नासाठी माझी शिफारस साधी आहे: रेडगार्ड, कॉम्बॅट, आवडती अ‍ॅट्रिब्यूट (अ‍ॅजिलिटी, लक यांसारखे मूळ गुण) एन्ड्युरन्स म्हणजे चिवटपणा आणि स्पीड. मुख्य पाचांत लाँग ब्लेड, एक चिलखताचं स्किल, ब्लॉक, अ‍ॅथलेटिक्स आणि रिस्टोरेशन. दुय्यम पाचांत आर्मरर आणि मिस्टिसिझम नक्की घ्या. आर्मररने स्वतःची हत्यारं दुरुस्त होतात, आणि मिस्टिसिझममध्ये प्रवासाचे मंत्र येतात, त्यांच्याकडे पुढे येऊ. स्पीड अशासाठी की ‘गोगलगायीचं चालणं’ ही तक्रार बऱ्याच अंशी स्पीड आणि अ‍ॅथलेटिक्स या दोन आकड्यांची आहे. जन्मरास वॉरियर घ्या. ती वार लागण्याच्या शक्यतेत सरळ १० मिळवते, तेही थकव्याच्या गुणकानंतर. वरच्या उदाहरणातले ६२.५ मग ७२.५ होतात.

एन्ड्युरन्सचं कारण लेव्हलशी जोडलेलं आहे. मुख्य आणि दुय्यम स्किलांत मिळून १० वाढी झाल्या की झोपल्यावर लेव्हल वाढते आणि तीन अ‍ॅट्रिब्यूट निवडायची असतात. ज्या अ‍ॅट्रिब्यूटखालची स्किलं त्या लेव्हलमध्ये जास्त वाढली त्याला मोठा गुणक मिळतो: १ ते ४ वाढींना २, ५ ते ७ ला ३, ८-९ ला ४, १० किंवा जास्त असतील तर ५. दर लेव्हलला आयुष्य (हेल्थ) एन्ड्युरन्सच्या दहाव्या भागाने वाढतं, आणि मागच्या लेव्हलांची भरपाई नंतर होत नाही. म्हणून एन्ड्युरन्स आधी वाढवावं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. दर लेव्हलला तिन्हीकडे पाच-पाच काढण्यासाठी वहीत नोंदी ठेवत खेळणारे लोक आहेत. पहिल्या संपूर्ण खेपेला तसं करू नका. गेमला त्याची गरज नाही आणि मजा मात्र मरते.

आता ‘कुठे जायचं ते कळत नाही’ याबद्दल. इथे होकायंत्रावर बाण नसतो. पत्ता बोलण्यात सांगितला जातो आणि जर्नलमध्ये लिहिला जातो, आणि तो खरोखर वाचावा लागतो. सुरुवातीला सांगतात की बालमोरा गावी जा, साउथ वॉल कॉर्नरक्लबमध्ये कायस कोसाडेसची (मुख्य कथेची कामं हाच देतो) चौकशी कर. बस, एवढंच. मग बालमोरात पोचून लोकांशी बोलायचं, त्यांच्या बोलण्यातले शब्द यादीत येतात, त्यावर क्लिक करत पत्ता काढायचा. रस्त्यावरच्या पाट्यांवर कर्सर नेला की गावाचं नाव दिसतं. कुणी एखादी जागा सांगताना ती नकाशावर खूण करून देतं, कुणी नुसतंच ‘पुलापलीकडे पूर्वेला’ म्हणतं. जर्नल मूळ गेममध्ये निव्वळ तारखेच्या क्रमाने लिहिलेली वही होती. ट्रिब्युनल या पहिल्या विस्तारापासून त्यात क्वेस्टप्रमाणे (कामाप्रमाणे) नोंदी पाहण्याची सोय आली. तुम्ही दोन्ही वेळा ती न वापरता पानं उलटत बसला असाल तर वैताग येणं साहजिक होतं.

प्रवासाचं जाळं कळलं की गेम ज्या बेटावर घडतो त्याचा आकार आवाक्यात येतो. सिल्ट स्ट्रायडर, म्हणजे ते उंच पायांचे प्रचंड किडे, ठरलेल्या गावांमध्येच जातात: सेयदा नीनहून बालमोरा, विवेक, सुरान आणि ग्निसिस. किनाऱ्याच्या गावांना होड्या आहेत. बालमोरा, आल्ड’रून, काल्डेरा, विवेक आणि सद्रिथ मोरा इथले मेजेस गिल्ड (जादूगारांचे संघ) एकमेकांना टेलिपोर्टने जोडलेले आहेत. ऑल्मसिव्ही इंटरव्हेन्शन हा मंत्र जवळच्या ट्रिब्युनल (स्थानिक धर्माच्या) मंदिरात नेतो, डिव्हाइन इंटरव्हेन्शन जवळच्या इम्पीरियल पूजास्थानात. मार्कने एक जागा ठरवायची आणि रिकॉलने तिथे परतायचं. हे सगळं मनात एकत्र बसलं की ‘इथून रिकॉल, मग गिल्डमधून उडी, मग होडी’ असा मार्ग तुम्ही आपोआप आखू लागता. नकाशावर क्लिक करून पोचण्याच्या सोयीत हे सुख नाही, आणि मॉरोविंड आवडणाऱ्यांना तो का आवडतो याचं निम्मं उत्तर इथे आहे.

उरलेलं निम्मं उत्तर सेयदा नीनच्या उत्तरेच्या रस्त्यावर आकाशातून पडतं. म्हणून पहिल्यांदा स्ट्रायडर न घेता पायी निघा. थोडं अंतर गेल्यावर वरून एक किंकाळी ऐकू येते आणि टारहिएल नावाचा एक बॉस्मर (वन-एल्फ) जमिनीवर आपटून मरतो. त्याच्याजवळ त्याची रोजनिशी आणि उड्डाणाचे तीन स्क्रोल मिळतात. स्क्रोल अ‍ॅक्रोबॅटिक्स १००० ने वाढवतो, तेही फक्त ७ सेकंद. उडी मारली की गावं, डोंगर, दलदल सगळं पायाखालून जातं, पण उतरेपर्यंत परिणाम संपलेला असतो आणि तुमचाही टारहिएल होतो. गेम कुठेही थांबवत नाही, सूचना देत नाही. मात्र जमीन जवळ आल्यावर दुसरा स्क्रोल वाचला, किंवा नेम धरून पाण्यात पडलात, तर वाचता. आकडे उघडे आहेत, ते कसे जोडायचे ते तुम्ही ठरवा, ही या गेमची वृत्ती त्या एका प्रसंगात पुरती दिसते. पुढे तेलवान्नी जादूगारांचे मनोरे येतात, त्यांत वर जायला जिनाच नसतो. लेव्हिटेशन (हवेत तरंगण्याचा मंत्र) येत नसेल तर खाली उभे राहा. एक सेव्ह करून ठेवा आणि निदान एक स्क्रोल उडवून बघा.

पहिल्या आठ-दहा तासांचा क्रम असा ठेवा. सेयदा नीनमध्ये कचेरीच्या आवारातल्या पिंपात एक अंगठी सापडते, ती फार्गोथला परत द्या; त्याचं आणि दुकानदार अरिलचं तुमच्याबद्दलचं मत सुधारतं. गावाजवळ एका करवसुली करणाऱ्याचं प्रेत आहे, त्याच्या अंगावर २०० नाणी आहेत आणि त्यामागे एक छोटी क्वेस्टही आहे. मग आसपासच्या दलदलीतून चार प्रकारच्या अळंब्या गोळा करा: ल्युमिनस रसुला, व्हायोलेट कोप्रिनस, बंगलर्स बेन आणि हायफा फेशिया. बालमोराच्या मेजेस गिल्डमधली अजिरा पहिलं काम म्हणून नेमक्या ह्याच मागते आणि त्या बिटर कोस्टवरच उगवतात. आधी गोळा केल्या नाहीत तर तुम्हाला उलट यावं लागतं, आणि ‘उगाच हेलपाटे घालायला लावतात’ हे मत तिथे पक्कं होतं. सिल्ट स्ट्रायडरच्या थांब्याजवळची आडामासार्टस गुहा हत्यार तपासायला चांगली. आत तस्कर आहेत आणि डांबलेले गुलाम आहेत. किल्ली सापडली की त्यांना सोडवता येतं. दरवाज्यातून आत गेल्यावर लगेच पहिली व्यक्ती समोर येते, म्हणून हिरवी पट्टी बाहेरच भरून घ्या.

बालमोरात कायसला भेटलात की तो २०० नाणी देतो आणि आधी इतर कामं करून अंगात बळ आणायला सांगतो. हा सल्ला मनापासून घ्या. फायटर्स गिल्डमध्ये आयडिस फायर-आयकडून उंदीर मारण्याचं काम घ्या, गिल्डमधल्या प्रशिक्षकांकडून पैसे देऊन मागे राहिलेली स्किलं वाढवा. प्रशिक्षक कुठलंही स्किल त्याच्या मूळ अ‍ॅट्रिब्यूटच्या वर नेऊ शकत नाहीत, म्हणून ५० वर असलेलं लाँग ब्लेड स्ट्रेंग्थ (ताकद) वाढवल्याशिवाय त्यांच्याकडे वाढत नाही; ते लढतच वाढवा. पैसे साठवून ठेवू नका. या टप्प्यावर नाण्यांचा सर्वांत चांगला उपयोग प्रशिक्षण हाच.

मुख्य कथेच्या सुरुवातीला दोन जागी माणसं हमखास अडकतात. पहिली, आर्कन्गथँड या ड्वेमर (लुप्त झालेल्या वंशाच्या) अवशेषांतली कोड्याची पेटी. बालमोराच्या पूर्वेला मूनमॉथ किल्ल्यापलीकडे दरीवर जुना ड्वेमर पूल आहे, तो ओलांडायचा. दार बंद दिसतं, कारण ते दारापाशी उघडतच नाही. जवळच्या नळावर एक फिरकी आहे, ती फिरवायची. आत पेटी म्हणजे फळीवर ठेवलेला एक छोटा चौकोनी ठोकळा आहे, अंधारात सहज नजरेतून सुटतो. प्रत्येक खोलीत उजेड घेऊन जा आणि फळ्या एक एक करून बघा. दुसरी जागा त्यानंतरची: बालमोराच्या मेजेस गिल्डमधली शार्न ग्रा-मुझगॉब पेलागियाडजवळच्या आंद्रानो घराण्याच्या थडग्यातून कवटी आणायला सांगते. तिथल्या पूर्वजांच्या भुतांवर साध्या लोखंडी किंवा पोलादी हत्याराचा काहीही परिणाम होत नाही. इथे फासा तुमच्या बाजूने पडतो, वार लागतो, आणि तरीही काही होत नाही. चांदीचं किंवा मंतरलेलं हत्यार, नाहीतर आगीचे स्क्रोल सोबत ठेवा. पहिल्या दोन प्रयत्नांत इथवर पोचून सोडलं असेल तर कारण बहुधा हेच.

तुमच्या पहिल्या मतातलं काही मात्र खरं आहे आणि ते बदलणार नाही. क्लिफ रेसर नावाचे उडते प्राणी दर चार पावलांवर अंगावर येतात आणि हा निव्वळ त्रास आहे. गावातली माणसं रात्रंदिवस एकाच जागी उभी असतात, आणि कित्येक जण एकाच विषयावर अगदी सारखीच वाक्यं बोलतात. विसाव्या लेव्हलच्या पुढे तुम्ही इतके बलवान होता की लढाईत दम राहत नाही. औषधं बनवण्याचं स्किल हुशारीने वापरलं तर त्याच्याही कितीतरी आधी. चिलखत न घालता खेळायचं ठरवलंत तर मूळ गेममध्ये एक दोष आहे: अनआर्मर्ड स्किल चिलखताचा निदान एक तुकडा अंगावर असल्याशिवाय कामच करत नाही. चिलखतातला एक हातमोजा घाला, झालं. धुकं आणि जवळच संपणारं दृश्य हे मात्र आज सहन करायची गरज नाही. ओपनएमडब्ल्यू हे मुक्त इंजिन मूळ गेमच्या फायली वापरून चालतं, आताच्या संगणकांवर स्थिर आहे आणि त्यात दूरवरचा प्रदेश दाखवता येतो. तेवढं घ्या. लढाईचे नियम बदलणारे मॉड (खेळाडूंनी केलेले बदल) पहिल्या खेपेला लावू नका. ‘वार नेहमी लागेल’ असा मॉड लावला की स्किल, थकवा, प्रशिक्षक या सगळ्यांचं वजन एकदम उतरतं आणि हाती फक्त जुन्या चित्रांचा स्कायरिम उरतो. त्यापेक्षा खरा स्कायरिम खेळलेला बरा.

निर्णय कधी घ्यायचा? लाँग ब्लेड ६० च्या पुढे गेलं, कवटी शार्नला दिली आणि कायसकडे पुढचं काम घ्यायला आलात की. तोवर वार लागण्याचा प्रश्न संपलेला असतो, त्यामुळे जे आवडत नसेल ते गेमच्या स्वभावाशीच जोडलेलं असतं. वाचून पत्ता शोधायचा कंटाळा अजूनही येत असेल, स्थानिक डनमर लोक तुम्हाला परका म्हणून हिणवतात, त्यांचं मन वळवायला स्तुती, लाच किंवा दमदाटी करावी लागते, हे सगळं ओझंच वाटत असेल, तर खुशाल बंद करा. पुढचे साठ तास ह्याच गोष्टींचे आहेत. आणि त्या क्षणी कायसला भेटण्याआधी तुम्ही वाटेत दिसलेल्या एखाद्या अनोळखी दारात शिरून दोन तास घालवलेले असतील, तर सेव्ह वेगळ्या नावाने ठेवा आणि हाऊस ह्लालू, रेडोरान की तेलवान्नी यांचा विचार सुरू करा. एका वेळी तिघांपैकी एकाच घराण्यात शिरता येतं.